सुर्व्यांच्या माडीवर

मोहोराचा वास आधी नाकाला कळत नाही. तो अंगणात वाळत घातलेल्या चादरींत येऊन बसतो. संध्याकाळी दोरीवरची चादर काढून छातीशी धरून घडी घालायला लागलं, की एकदम समजतं, आला. मग दुसऱ्या दिवशी पहाटे बागांमधून फवारणीचे पंप सुरू होतात, त्या औषधाचा उग्र दर्प मोहोराच्या गोडसर वासात मिसळतो आणि रत्नागिरीला थंडी पडली असं आम्ही म्हणतो. आमची थंडी ती केवढी! शालीची हौस भागेल एवढीच.

यंदा मोहोर आला त्याच आठवड्यात माझ्या फोनवर एक निरोप आला. सुर्व्यांच्या माडीवर पुन्हा नाटक सुरू करतोय, शनिवारी संध्याकाळी सात वाजता, तुम्ही नक्की या. पाठवणारी मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. कॉलेजात शिकणारी असावी. मी अण्णांची बहीण, एवढंच तिला कुणीतरी सांगितलं होतं. तो निरोप मी वाचला आणि फोन पालथा ठेवून दिला. मग चहा केला, झाडांना पाणी घातलं, आणि पुन्हा वाचला.

सुर्व्यांचं हॉटेल म्हणजे खरं तर परमिट रूम. खाली अंधारी बैठक, निळे दिवे, काउंटरमागे बाटल्यांची रांग, आणि मागच्या बाजूला स्वयंपाकघर, जिथलं मासळीचं जेवण पिणाऱ्यांपेक्षा न पिणाऱ्यांना जास्त ठाऊक होतं. वर एक लांबट खोली होती. वाढदिवस आणि बारशी होतील म्हणून सुर्व्यांनी ती बांधली, पण परमिट रूमच्या डोक्यावर बारसं करायला कोण येणार? खोली रिकामीच राहिली. मग अण्णा एक दिवस त्यांच्याकडे गेला आणि शनिवारी संध्याकाळी खोली नाटकाला द्याल का, असं विचारून आला. सुर्वे म्हणाले, "घ्या की. नाहीतरी वर कबुतरंच राहतात."

माडी म्हणजे वरचा मजला आणि माडी म्हणजे नारळाच्या झाडावरून काढतात ती ताडीसारखी दारूही. त्यामुळे शनिवारी आम्ही सुर्व्यांच्या माडीवर जातो म्हटलं की ऐकणारा हसायचा. सुरुवातीला बायका यायला कचरत होत्या. पुढून शिरायचं तर पिणाऱ्यांच्या टेबलांमधून जावं लागे. सुर्व्यांनी मग स्वयंपाकघराच्या बाजूचा लोखंडी जिना रंगवून घेतला, त्याला दिवा लावला, आणि स्वतः खाली उभे राहून सांगू लागले, "ताई, तुम्ही इकडून या. इकडे फक्त कांद्याचा वास."

कांद्याचाच नव्हे. तळलेल्या बांगड्याचा, सोलकढीतल्या लसणीचा, आणि फळीच्या जमिनीच्या फटींतून वर येणाऱ्या बिअरचा. पडदा नव्हता. रंगमंचही नव्हता, नुसता एक चौकोन मोकळा सोडलेला, त्यावर दोन हॅलोजन. प्लास्टिकच्या खुर्च्या इतक्या जवळ की पहिल्या रांगेतल्याने पाय लांब केले तर ते नटाला लागत. नाटकात एखादी गंभीर, शांत जागा आली की नेमकी खालून हाक येई, "दोन सुरमई, एक कोळंबी, भाकरी गरम दे." लोक हसत. नट थांबत, हसू ओसरू देत, आणि पुढे जात. मला मुंबई-पुण्याची मोठी नाट्यगृहं माहीत आहेत. नाटक इतकं जवळ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. शाळेत मराठी शिकवायचा. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी मुलीला घेऊन माहेरी परत आले तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं होतं, "मागची खोली तुझी. खिडकीची कडी सैल आहे, ती मी उद्या बसवून देतो." तेव्हापासून आम्ही एका घरात. त्याचा आवाज गावात प्रसिद्ध होता. ध्वनिक्षेपक नसताना शाळेच्या मैदानाच्या टोकापर्यंत पोचायचा म्हणतात. गणपतीत आरती त्यानं धरायची, निवृत्त होणाऱ्यांचा सत्कार असला की सूत्रसंचालन त्यानं करायचं, कुणी गेलं की शोकसभेत दोन शब्दही त्यानंच बोलायचे. घरात मात्र तो रोज सकाळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा, अगदी निधनवार्तांसकट, आणि मी भाजी चिरता चिरता ऐकायची.

त्याचा जोडीदार नासीरभाई. दोघं एका बाकावर बसून शिकलेले. नासीरभाई पुढे मस्कतला गेले, कितीतरी वर्षं तिथं राहिले, आणि परत येऊन मिरकरवाड्याच्या वाटेवर होड्यांच्या सामानाचं दुकान टाकलं. दोर, जाळी, इंजिनाचं ऑइल. तिकडे मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत कामं करायचे, ती सवय सुटली नव्हती. परमिट रूमच्या माडीवर नाटक म्हटल्यावर मोहल्ल्यात लोक बोलले. नासीरभाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "मी वरच्या मजल्यावर जातो, खालच्या नाय. मधे अख्खा जिना हाय."

दोघांचं एक नाटक फार चाललं. अण्णानंच लिहिलेलं. गावातले सगळे त्याला फणसाचं नाटक म्हणत. गडग्यावर, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावर उगवलेला एक फणस, बुंधा एकाच्या हद्दीत, फांद्या दुसऱ्याच्या, आणि त्यावरून दाजी आणि भिकू या दोन शेजाऱ्यांनी जन्मभर चालवलेला दावा. दोघं तारखेला एकाच एसटीनं जातात, एकाच बाकावर बसून एकमेकांच्या डब्यातलं खातात, कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढतात आणि परत एकाच एसटीनं घरी येतात. शेवटी वादळात फणस पडतो. दोघं पडलेल्या झाडाजवळ उभे राहतात आणि दाजी विचारतो, "आता उद्या कोर्टात काय सांगायचं?" तिथं नाटक संपायचं. अण्णा दाजी, नासीरभाई भिकू. प्रेक्षकांत निम्म्या लोकांच्या घरी असा दावा चालू असायचा, त्यामुळे हशा पोटातून यायचा.

मग एका वर्षी पावसाळा संपत आला तेव्हा अण्णाचा आवाज बसला. आम्ही खडूच्या धुळीला बोल लावला, मग थंड पाण्याला, मग वयाला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. दिवाळी गेली तरी आवाज उठेना. इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला जायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, आम्हाला समोर बसवलं आणि फार सावकाश बोलले. आयुष्यात ज्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही, त्याच्या गळ्यात ते निघालं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचण्याची आशा चांगली आहे. आवाज राहणार नाही.

"थोडासुद्धा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी अण्णाकडे बघून उत्तर दिलं. "नाही. गळ्याला खाली एक छिद्र राहील. श्वास तिथून. बोलणं नाही."

अण्णानं ऑपरेशनची तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "मधे एक शनिवार येतोय. बोललेलं चालेल?"

"बोलण्यानं आता काही वेगळं होणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दुखलं तर थांबा."

 परतताना आंबा घाट उतरून साखरप्याला गाडी थांबली तेव्हा आम्ही चहा घ्यायला खाली उतरलो. थंडी होती. त्यानं कप दोन्ही हातांत धरला होता. "सुमे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "शनिवारचा प्रयोग करतो."

"डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणूनच."

मला राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी नासीरभाईंच्या दुकानात गेले. नाटकाच्या मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला अण्णानं काही कळवलेलं नव्हतं, नासीरभाईंना मात्र सगळं सांगून ठेवलं होतं. दोरांच्या गुंडाळ्यांमध्ये ते स्टुलावर बसले होते. मी म्हटलं, "तुम्ही त्याला नाही म्हणा. तुम्ही नसाल तर प्रयोग होणार नाही. त्याला घरी विश्रांती घेऊ दे. उरलाय तेवढा आवाज त्यानं आमच्याशी बोलायला ठेवावा."

नासीरभाईंनी दोराचं टोक सुटू नये म्हणून त्याला गाठ मारली. मग म्हणाले, "तुझ्याशी तो काय बोलणार गो? भाजीत मीठ कमी हाय, छत्री कुठं ठेवली. तिकडं जाऊन बोलेल तर पन्नास लोक ऐकतील. मी नाय सांगणार त्याला. तू पण नको सांगू."

मी तिथं रडले. त्यांनी दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं आणि मी शांत होईपर्यंत पाठ करून उभे राहिले.

त्या शनिवारी माडी गच्च भरली होती. कुणाला काही माहीत नसतानाही भरली. मी सगळ्यात मागे, जिन्याच्या दाराशी खुर्ची घेतली. पहिला प्रवेश नीट झाला. अण्णाचा आवाज खरखरीत होता, पण दाजी म्हातारा आहे, त्यात ते खपून गेलं. एसटीतल्या प्रवेशात तो दोनदा खोकला. लोक हसले, त्यांना वाटलं दाजीच खोकतोय. कोर्टाच्या आवारातल्या भांडणात दाजीचं एक लांबलचक भाषण आहे, त्यात तो भिकूच्या सात पिढ्या काढतो. अण्णानं हात वर केला, तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. हॅलोजनच्या उजेडात त्याच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या.

मी उठले. माझी खुर्ची वाजली. आणि तेवढ्यात नासीरभाई पुढे आले, अण्णाच्या समोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कळला. काय बोलणार हायस तू, मला पाठ हाय. तू बोलणार, हा फणस माझ्या आजानं लावला."

अण्णानं जोरात मान हलवली.

"आणि मी बोलणार, तुझ्या आजाला फणस नि नीरफणस यातला फरक कळत नव्हता."

लोक खदखदून हसले. अण्णानं कपाळावर हात मारला, दोन पावलं मागे गेला, परत आला आणि नासीरभाईंच्या नाकासमोर बोट नाचवलं. "हां, आता तू माझ्या बापावर जाणार," नासीरभाई म्हणाले. "जा. त्याच्या चोरट्या कोयतीचं काढ." अण्णानं हवेत कोयती चालवली. मग ते असंच चालू राहिलं. नासीरभाई दोघांचं बोलत होते आणि अण्णा हातांनी, भुवयांनी, अख्ख्या अंगानं भांडत होता. एवढं हसलेले लोक मी त्या खोलीत कधी पाहिले नव्हते. खालचे दोघं-तिघं ग्लास हातात घेऊन जिन्यात येऊन उभे राहिले होते आणि सुर्वे त्यांना परत पाठवायचं विसरून स्वतःच बघत होते. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "यावेळी नवीन बसवलंय वाटतं. छान केलंय." मी हो म्हटलं.

शेवटी फणस पडला. दोघं त्याच्याजवळ उभे राहिले. आता दाजीचं वाक्य. मला वाटलं, तेही नासीरभाई बोलतील. ते बोलले नाहीत. खाली बघत उभे राहिले. खोली शांत झाली. अण्णा पहिल्या रांगेच्या अगदी पुढ्यात आला आणि त्यानं ओठ हलवले. पुढच्यांना काहीतरी ऐकू आलं असावं, कारण पुढची रांग हसली नाही. आम्हा मागच्यांना फक्त त्याचे ओठ दिसले. मग टाळ्या झाल्या, बराच वेळ झाल्या, आणि नासीरभाईंनी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला स्वयंपाकघराच्या बाजूला नेलं.

दोन दिवसांच्या विश्रांतीनं घशात थोडा आवाज परत आला. त्या आवाजात तो काय बोलला ते मला आठवतं. नासीरभाईंचं खरं होतं. दुधवाल्याला उद्यापासून कमी दूध सांग. बँकेचं पासबुक कपाटात आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याला न्यायला आले तेव्हा मी काहीतरी ऐकण्यासाठी त्याच्या तोंडाशी वाकले. मला वाटत होतं, माणूस अशा वेळी काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "खिडकी लावून घे. डास येतात." मी खिडकी लावली. मागे वळले तेव्हा स्ट्रेचर दाराबाहेर गेलं होतं.

पुढची काही वर्षं तो जगला, बऱ्यापैकी जगला. गळ्यावर पातळ रुमाल बांधायचा. बागेत फिरायचा, कलमांच्या बुंध्याशी बसून गवत काढायचा. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र आणलं होतं, ते त्यानं एकदाच वापरलं. त्यातून निघालेला आवाज ऐकून तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू घरात कुणी परकं शिरलंय. मग यंत्र टॉवेलात गुंडाळून कपाटात गेलं. तो पाटीवर लिहायचा, पण लिहून बोलण्याचा त्याला कंटाळा. वर्तमानपत्र मी मोठ्यानं वाचू लागले. निधनवार्ता आल्या की त्या मी गाळते हे त्याला कळायचं. मग तो बोट ठेवून दाखवायचा, वाच.

शनिवारी संध्याकाळी नासीरभाई येत. ओटीवर बसत आणि दोघांचंही बोलत. "आता तू बोलणार, नासीर, तुला बाजारातली सुरमई कधी नीट मिळत नाय. आणि मी बोलणार, तू काय मासे खातोस, तू काटे खातोस." अण्णा हसायचा. त्याच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे आणि रुमाल फडफडायचा. मी आतून ऐकत असायची. आतून ऐकलं तर ओटीवर दोन माणसं बसून भांडतायत असंच वाटे.

माडीवरचं नाटक मात्र त्या शनिवारी थांबलं ते थांबलंच. दाजीचं काम करायला दुसरा कुणी शोधू का, असं मंडळीतल्या एकानं विचारलं होतं. नासीरभाई म्हणाले, शोधा, मग भिकू पण शोधा. सुर्व्यांनी खोलीला एसी बसवला. फॅमिली सेक्शन झाला. मग तोही चालेना. अण्णा गेला गणपतीच्या आधी, आजार परत उलटल्यावर. शोकसभा झाली. दोन शब्द बोलायला कुणी नीटसं मिळालं नाही.

तर यंदाचा तो शनिवार. मी गेले. नासीरभाईंना घ्यायला दुकानात गेले तेव्हा ते पांढरा शर्ट घालून तयारच बसले होते. त्यांना आता लोखंडी जिना चढायला वेळ लागतो. सुर्वे खाली उभे होते, केस सगळे पांढरे. "ताई, इकडून या," ते म्हणाले, पण कांद्याचं काही बोलले नाहीत.

मुलींनी चांगलं केलं. नाटक त्यांचं स्वतःचं होतं, वसतिगृहातल्या चार मैत्रिणींचं. एसी बंद केला होता, खिडक्या उघड्या होत्या, आणि मांडवीच्या किनाऱ्याकडून गार वारा येत होता. मध्येच खालून कोळंबीची हाक आली. त्यातली एक मुलगी गडबडली, वाक्य विसरली, दुसरीनं सांभाळून घेतलं. नासीरभाई सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला लागले.

बाहेर पडल्यावर आम्ही जरा चाललो आणि कोपऱ्यावरच्या टपरीशी चहा घेतला. रस्ता अजून जागा होता, भाजीवाल्या उरलेला माल आवरत होत्या. मी कितीतरी दिवस मनात धरलेली गोष्ट तेव्हा विचारली. "नासीरभाई, अण्णाचा आवाज आठवतो तुम्हाला?"

त्यांनी चहावर फुंकर घातली. मी पुढे म्हटलं, "मला तो काय काय बोलला ते सगळं आठवतं. वाक्यच्या वाक्य आठवतात. पण ती ऐकू येत नाहीत. त्यानं प्रयोगांत फोन बंद ठेवायला लावले, म्हणून कुणाकडे कुठे काही टेप नाही. मी शाळेत विचारलं, आरतीच्या मंडळात विचारलं. कुठेच नाही."

नासीरभाईंनी चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "मला नाय आठवत," ते म्हणाले. "तो होता तेव्हापासूनच नाय आठवत गो."

"होता तेव्हापासून?"

"ऑपरेशनला वर्ष-दीड वर्ष झाला असेल. ओटीवर माझ्या समोर बसलेला. मी त्याचा बोलणा बोलत होतो, आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आला, हा आवाज माझाच हाय. त्याचा शोधायला गेलो तर सापडेना. इतके दिवस मीच बोललो ना त्याच्या वाटणीचा. त्यात तो बुजून गेला." त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पण परत घातला नाही. "तो हसत होता समोर. त्याला कसा सांगणार? मग दर शनिवारी जात राहिलो."

मी म्हटलं, "मला कधी बोलला नाहीत."

"तुझ्याकडं तरी असेल, असा वाटायचा," नासीरभाई म्हणाले. "घरातली माणूस तू. मी म्हटला, सुमनजवळ हाय, बास झाला."